बॉल बाहेर होता, तरी गोल झाला! रेफरीच्या चुकीने फुटबॉल रंगतो की बिघडतो?

सुरत (प्रतिनिधी) : येत्या ११ जूनपासून अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत फुटबॉलचा वर्ल्डकप सुरू होतोय. या वेळी पहिल्यांदाच ४८ संघ आहेत. बऱ्याच मॅच आपल्याकडे रात्री उशिरा नाहीतर पहाटे दिसणार. म्हणजे उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली भागातल्या रात्रपाळीवाल्यांची सोयच झाली. लूम खात्यात काम करणारे आपले नंदुरबार, धुळे, जळगावकडचे लोक तसे क्रिकेटवाले. पण वर्ल्डकप आला की चहाच्या टपरीवर मेस्सी आणि एमबाप्पे यांच्याशिवाय दुसरा विषय नसतो.

आणि एक विषय हमखास निघतो. रेफरीने चूक केली! मग वाद, आवाज, "पंचले दिखत नही का रे भो?" असा सगळा गोंधळ. काही जण म्हणतात, यातच तर मजा आहे. वाद नसेल तर फुटबॉल आणि गणिताचा पेपर यात फरक काय? काही जण म्हणतात, मेहनत एकाची आणि निकाल भलत्याच्या चुकीने, ही कसली मजा?

खरं काय? थोडं नीट समजून घेऊ. आणि सुरुवात करू आपल्याच देशाच्या एका मॅचपासून. योगायोग बघा, तीही ११ जूनलाच झाली होती.

त्या रात्री दोह्यात काय झालं?

११ जून २०२४. वर्ल्डकप पात्रता स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीतली शेवटची मॅच, भारत विरुद्ध कतार. सुनील छेत्री पाचच दिवस आधी कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून निवृत्त झाला होता. ती मॅच ०-० सुटली होती. त्यामुळे आता हिशेब सरळ होता. भारत जिंकला तर तिसऱ्या फेरीत. तिथे भारत याआधी कधीच पोचला नव्हता.

३७ व्या मिनिटाला लालियनझुआला छांगटेने गोल केला. हा पोरगा मिझोरमचा, खेळतो मुंबई सिटीकडून. भारत १-० ने पुढे. ७० मिनिटं झाली तरी आघाडी टिकून होती. उधन्यातल्या एका टपरीवर आम्ही सात-आठ जण एकाच मोबाइलवर डोकी घालून बघत होतो. त्यात दोन बंगाली जरी कारागीर होते, बाकी सगळे खान्देशी.

७३ वं मिनिट. कतारच्या युसूफ आयमनने हेडर मारला. आपला गोलकीपर आणि त्या दिवशीचा कॅप्टन गुरप्रीत सिंग संधूने तो अडवला. बॉल त्याच्या अंगाखालून सरकत गोलपोस्टच्या बाजूने रेषेच्या बाहेर गेला. आपले खेळाडू थांबले. त्यांना वाटलं आता कॉर्नर मिळणार. तेवढ्यात कतारच्या एका खेळाडूने बाहेर गेलेला बॉल पायाने आत ओढला आणि आयमनने तो जाळ्यात मारला. रेफरीने गोल दिला!

आपल्या खेळाडूंनी रेफरीला घेरलं, दाद मागितली. गोल कायम राहिला. ८५ व्या मिनिटाला कतारने दुसरा गोल केला आणि भारत १-२ ने हरला. तिकडे कुवेतने अफगाणिस्तानला हरवलं आणि ७ गुणांवर पुढची फेरी गाठली. भारत ५ गुणांवर थांबला. मॅच जिंकली असती तर ८ झाले असते.

टपरीवर काय झालं? पाचेक मिनिटं शिव्या झाल्या. मग कुणी बोलेना. एकेक जण उठून खात्याकडे निघून गेला. वादाची मजा वगैरे काही दिसली नाही.

रेषेचा नियम नेमका काय?

नियम सोपा आहे, पण बऱ्याच जणांना तो उलटा माहीत असतो. फुटबॉलमध्ये बॉल बाहेर कधी? तर पूर्ण बॉल पूर्ण रेषेच्या पलीकडे गेल्यावर. बॉलचा जरासा भाग जरी रेषेच्या वर असला, जमिनीला न टेकता हवेत असला, तरी बॉल आत धरायचा.

आपल्या नवापूर स्टेशनचा तो प्रसिद्ध बाक आठवा. अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. मधल्या रेषेवर बसलेला माणूस दोन्ही राज्यांत असतो. तो पूर्ण सरकून पलीकडे बसला तरच म्हणायचं, गेला गुजरातमध्ये. फुटबॉलच्या रेषेचंही तसंच.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण कतारमध्येच घडलं. १ डिसेंबर २०२२, वर्ल्डकपमध्ये जपान विरुद्ध स्पेन. जपानच्या मितोमाने बाहेर जाणारा बॉल शेवटच्या क्षणी आत वळवला आणि त्यावर गोल झाला. टीव्हीवर बघताना बॉल सरळसरळ बाहेर दिसत होता. कॅमेऱ्यांनी मोजलं तर दोन मिलिमीटरपेक्षाही कमी भाग रेषेच्या वर होता. गोल दिला गेला. जपान २-१ ने जिंकला आणि त्यामुळे जर्मनीसारखा संघ स्पर्धेतून बाहेर पडला. जर्मन लोक चिडले असतील, पण निकाल बरोबर होता आणि मोजून दिला होता.

आता तुलना करा. डिसेंबर २०२२ मध्ये कतारमध्ये दोन मिलिमीटर मोजणारे कॅमेरे होते. दीड वर्षाने त्याच कतारमध्ये उघड्या डोळ्यांना बाहेर दिसणारा बॉल तपासायची सोय नव्हती. कारण पात्रता स्पर्धेच्या त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला सांगणारी यंत्रणा, ठेवलीच नव्हती. ती पुढच्या फेरीपासून होती. वर्ल्डकप तोच, पण वरच्या वर्गाला तपासणी आणि खालच्या वर्गाला नाही.

मग तक्रार करून काही झालं का?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फिफा आणि आशियाई महासंघाकडे तक्रार केली, चौकशीची मागणी केली. निकाल काही बदलला नाही. बदलणं कठीणच होतं. का ते बघा.

फुटबॉलच्या नियमावलीत लिहिलंय की मैदानावरच्या घटनेबद्दल रेफरीचा निर्णय अंतिम. बॉल बाहेर गेला का, हाताला लागला का, हे सगळं घटनेत येतं. रेफरीला चूक कळली तर तो निर्णय बदलू शकतो, पण खेळ पुन्हा सुरू होण्याआधीच. एकदा सेंटरवरून किकऑफ झाला की दार बंद.

नियमच चुकीचा लावला तर मात्र गोष्ट वेगळी. सप्टेंबर २००५ मध्ये उझबेकिस्तान आणि बहरीन यांच्यात वर्ल्डकप पात्रतेची मॅच झाली. उझबेकिस्तानने पेनल्टीवर गोल मारला, पण त्यांचा एक खेळाडू आधीच बॉक्समध्ये घुसला होता. नियमाप्रमाणे पेनल्टी पुन्हा घ्यायला हवी. जपानी रेफरीने उलट बहरीनला फ्री किक दिली. उझबेकिस्तान १-० ने जिंकला होता, तरी त्यांनी तक्रार केली. फिफाने चूक मान्य केली आणि अख्खी मॅच पुन्हा खेळवली. ती १-१ सुटली, आणि शेवटी पुढे गेलं बहरीन! तक्रार करून जिंकलेली मॅच हातातून गेली.

थोडक्यात, डोळ्यांची चूक माफ, पुस्तकाची चूक नाही. भारताच्या बाबतीत झालेली चूक डोळ्यांची होती.

"वादातच मजा आहे" म्हणणाऱ्यांचं काय म्हणणं?

त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. १९६६ ची वर्ल्डकप फायनल घ्या, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. जादा वेळेत इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा फटका वरच्या दांडीला लागून खाली आला. आत पडला की रेषेवर? लाइन्समन तोफिक बहरामोव यांनी सांगितलं, आत. इंग्लंड ४-२ ने जिंकलं. आज साठ वर्षं होत आली, तरी इंग्रज आणि जर्मन भांडतायत. हे लाइन्समन अझरबैजानचे. बाकू शहरातल्या स्टेडियमला आज त्यांचं नाव आहे. एका वादग्रस्त गोलने लाइन्समन देशाचा हिरो झाला!

आणि मॅराडोना? २२ जून १९८६, मेक्सिको सिटी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. हाताने मारलेला गोल रेफरीला दिसला नाही. 'हँड ऑफ गॉड' हे नाव फुटबॉल न बघणाऱ्यालाही माहीत असतं. चारच मिनिटांनी त्याने अर्ध्या मैदानापासून पाच-सहा जणांना चकवून दुसरा गोल मारला, तोही अजून गाजतो. पण टपरीवर जास्त चर्चा पहिल्याची होते हे मान्य करावं लागेल.

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून पैशाचं सांगतो. मॅराडोनाने त्या मॅचमध्ये घातलेला शर्ट २०२२ च्या मे महिन्यात लिलावात ७१ लाख पौंडांना गेला. आपले साधारण ६७-६८ कोटी रुपये. तो शर्ट विकला कुणी? हरलेल्या इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने. मॅचनंतर त्याने मॅराडोनाशी शर्टची अदलाबदल केली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅचचा बॉल २० लाख पौंडांना विकला गेला, जवळपास १९ कोटी. आणि तो बॉल होता कुणाकडे? ट्युनिशियाचे रेफरी अली बिन नासर यांच्याकडे. म्हणजे ज्यांना हात दिसला नाही, त्यांनीच!

तेव्हा चुकीला बाजारात भाव आहे, यात शंका नाही. चॅनेलवाल्यांना चर्चेला विषय मिळतो, पेपरला मथळा मिळतो, आपल्याला टपरीवर तोंड उघडायला कारण मिळतं.

पण हाच वाद उलटतो तेव्हा?

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर २००९ मध्ये पॅरिसला फ्रान्स विरुद्ध आयर्लंड मॅच होती. फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीने हाताने बॉल अडवून पास दिला, त्यावर गोल झाला आणि फ्रान्स वर्ल्डकपला गेलं. आयर्लंड घरी. पुढे २०१५ मध्ये बाहेर आलं की कोर्टकचेरी टाळण्यासाठी फिफाने आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेला ५० लाख युरो दिले होते. संघटनेला पैसे मिळाले. पण त्या अकरा जणांना वर्ल्डकप काही मिळाला नाही.

आपल्या देशातलं उदाहरण तर ताजं आहे. ३ मार्च २०२३, बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम. इंडियन सुपर लीगची बाद फेरी, बंगळुरू एफसी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. ९० मिनिटांत ०-०. जादा वेळेत ९६ व्या मिनिटाला बंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचा गोलकीपर अजून भिंत उभी करत होता, तोवर सुनील छेत्रीने पटकन किक मारून गोल केला. रेफरी क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला.

नियम काय म्हणतो? फ्री किक मिळालेल्या संघाला पटकन किक घ्यायचा हक्क आहे, शिट्टीची वाट बघायची गरज नाही. पण अंतर मोजून द्या अशी मागणी झाली, किंवा रेफरीने थांबायची खूण केली, तर मात्र शिट्टी वाजल्याशिवाय किक घेता येत नाही. तशी खूण झाली होती की नव्हती, यावर सगळा वाद.

केरळचे कोच इव्हान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर बोलावला. मॅच अर्धवट राहिली, बंगळुरूला विजयी घोषित केलं. पुढे महासंघाने केरळ ब्लास्टर्सला ४ कोटी रुपये दंड केला. कोचवर १० मॅचची बंदी आणि ५ लाखांचा दंड. तिकीट काढून आलेल्या माणसाला काय मिळालं? अर्धी मॅच.

आणि याहून वाईटही घडलंय. मे १९६४ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथे पेरू विरुद्ध अर्जेंटिना मॅचमध्ये शेवटच्या मिनिटांत पेरूचा गोल रेफरीने नाकारला. प्रेक्षक मैदानात घुसले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक बंद दारांकडे पळाले. सरकारी आकड्यानुसार ३२८ माणसं मेली. हे जुनं झालं म्हणाल, तर १ डिसेंबर २०२४ ला आफ्रिकेतल्या गिनी देशात एका स्थानिक स्पर्धेच्या फायनलमध्ये रेफरीच्या निर्णयावरून दंगल आणि चेंगराचेंगरी झाली. सरकारने ५६ मृत्यू सांगितले. "वाद हाच फुटबॉलचा मसाला" असं म्हणताना हे आकडे लक्षात ठेवलेले बरे.

कॅमेरे आले, मग भांडणं संपली का?

नाही संपली. पण बदलली.

२०१० च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका दांडीला लागून चांगला आत पडला होता, तो रेफरीला दिसला नाही. त्यानंतर २०१२ मध्ये गोल-लाइन तंत्रज्ञानाला मंजुरी मिळाली. बॉल पूर्ण आत गेला की रेफरीच्या घड्याळात इशारा येतो. यावर आता कुणी भांडत नाही. कारण हो किंवा नाही, एवढंच उत्तर असतं.

व्हीएआर २०१८ च्या वर्ल्डकपला आलं. तेव्हा ते चारच गोष्टी बघायचं: गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड, आणि भलत्याच खेळाडूला कार्ड दिलं गेलं का. तेही चूक ढळढळीत असेल तरच.

घोळ इथेच आहे. बॉल बाहेर गेला की नाही हे मोजता येतं. हात मुद्दाम लावला की चुकून लागला, धक्का दिला की नुसता अंगाला अंग लागलं, हे मोजता येत नाही. तिथे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं. आणि कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूसही चुकतो. ३० सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल मॅचमध्ये लुईस दियाझचा चांगला गोल मैदानावर ऑफसाइड दिला. व्हिडिओ रूममधल्या रेफरीला वाटलं मैदानावर गोलच दिलाय, म्हणून त्याने "तपासलं, ठीक आहे" कळवलं. खेळ सुरू झाला. मग चूक कळली, पण दार बंद!

दुसरी तक्रार वेळेची. गोल झाला की उडी मारायची की टीव्हीवरच्या रेषा आखून होईपर्यंत थांबायचं? २०२४ मध्ये इंग्लंडच्या वुल्व्हज क्लबने व्हीएआर बंद करायचा ठराव मांडला. मतदान झालं, १९ विरुद्ध १. विरोधात ते एकटेच. स्वीडनमध्ये मात्र क्लबांनी आणि प्रेक्षकांनी मिळून व्हीएआर येऊच दिलं नाही. तिथले लोक म्हणतात, थोडी चूक चालेल, पण गोलचा आनंद लगेच हवा.

म्हणजे जगातही यावर एकमत नाही.

जमा कुणाच्या खात्यात, नावे कुणाच्या?

आता माझं मत सांगतो. पटलं तर घ्या.

हिशेबाच्या वहीत प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. एकाकडे जमा, तर दुसऱ्याकडे नावे. रेफरीच्या चुकीचंही तसंच आहे. मजा, चर्चा, मथळे, लिलावाचे कोटी हे सगळं बघणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या खात्यात जमा होतं. तोटा पडतो तो खेळणाऱ्याच्या नावे. म्हणून "चुकीने खेळ रंगतो" असं जो म्हणतो, त्याला आधी विचारायचं, भाऊ, तुझं त्यात काही गेलं होतं का?

मॅराडोनाचा हात आपल्याला गोड वाटतो कारण आपण इंग्लंडचे नव्हतो. दोह्याचा गोल गोड वाटला नाही, कारण तिथे आपलं गेलं होतं.

किती गेलं ते बघा. त्या फेरीत पहिल्या दोनात आलो असतो तर वर्ल्डकप पात्रतेची तिसरी फेरी मिळाली असतीच, शिवाय सौदी अरेबियात होणाऱ्या २०२७ च्या आशियाई कपचं थेट तिकीटही. ते हुकलं. आठवडा होत नाही तोवर कोच इगोर स्टिमाच यांना काढलं. मग आशियाई कपसाठी वेगळी पात्रता फेरी खेळावी लागली. तिथे बांगलादेशशी बरोबरी, हाँगकाँगकडून हार, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, सिंगापूरकडून १-२ ने हार. आशियाई कपही गेला.

सगळं त्या एका गोलमुळे? नाही. तसं म्हणणं खोटं होईल. त्याच फेरीत भारत गुवाहाटीला, घरच्या मैदानावर, अफगाणिस्तानकडून १-२ ने हरला होता. कुवेतविरुद्ध कोलकात्यात एक गोल मारता आला नाही. त्या मॅच जिंकल्या असत्या तर दोह्याचा रेफरी काय करतो याकडे बघायची वेळच आली नसती. आणि शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं असतं, हे शाळेतला पीटीचा सरही सांगतो. आपले खेळाडू थांबले, ते थांबायला नको होते. पण हा सगळा दोष मान्य करूनही बॉल बाहेर होता, हे बदलत नाही.

मला वाटतं प्रश्न चूक झाली का, हा नाहीच. रेफरी माणूस आहे, बॉलमागे नव्वद मिनिटं पळतो, चुकणारच. प्रश्न असा की चूक दुरुस्त करायची वाट ठेवली होती का? वाट होती, रेफरीने बघितलं, विचारलं, आणि तरी निर्णय आपल्याविरुद्ध गेला, तर माणूस दोन दिवस चिडतो आणि मग तोच किस्सा रंगवून सांगतो. जपानच्या गोलचं तसंच झालं. पण चूक सगळ्या जगाला दिसते, फक्त ज्याने बघायचं त्यालाच बघायची सोय नाही, तेव्हा माणूस चिडत नाही, त्याचं मनच उडतं. आणि मन उडालेला प्रेक्षक वाद घालत नाही, तो दुसरं चॅनेल लावतो.

आपल्या मैदानावर काय?

हे सगळं दोहा-लंडनचं झालं. पण गुजरातमध्येही फुटबॉल वाढतोय. २०२४ च्या मे महिन्यात अहमदाबादला गुजरात सुपर लीग सुरू झाली, सहा संघांत एक सुरत स्ट्रायकर्स. सुरतच्या मोकळ्या मैदानांवर रविवारच्या स्पर्धा होतात, तिकडे नंदुरबार-नवापूरलाही शाळा-कॉलेजची पोरं खेळतात. आणि तिथे व्हीएआर सोडा, लाइन्समनसुद्धा प्रेक्षकांतूनच उचललेला असतो.

असा उचललेला लाइन्समन मी होतो. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना, उधन्याकडच्या एका मैदानावर, सात-सात जणांची फायनल. काठीला रुमाल बांधून माझ्या हातात दिला. शेवटची पाच मिनिटं, ०-०. एका पोराने माझ्यासमोरून बॉल पळवला आणि वळवून मारला, गोल झाला. वळवण्याआधी बॉल रेषेबाहेर गेला होता. मला दिसलं होतं. पण गोलवाल्या संघाची पोरं ओरडत मैदानात घुसली आणि माझा हात काही वर गेला नाही. रेफरीने माझ्याकडे बघितलंसुद्धा. मी मान हलवली. गोल!

हरलेल्या संघाचा गोलकीपर लूमवर काम करणारा, शिंदखेड्याकडचा पोरगा होता. बक्षीस पंधराशे एक रुपये. त्याच्यासाठी ती मोठी रक्कम होती. पुढच्या रविवारी तो मैदानावर आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. अनेक वर्षांनी एका लग्नात भेटला. आता त्याची स्वतःची दोन एम्ब्रॉयडरी मशिनं आहेत. जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊ, तो बॉल बाहेर होता ना?" मी म्हटलं, "हो, होता." तो म्हणाला, "मला माहीत होतं. फक्त कुणी म्हणत नव्हतं." मग त्याने मला आग्रहाने जिलेबी वाढली.

तेव्हापासून "वादातच मजा" असं कुणी म्हटलं की मला तो आठवतो. त्याची काही मजा झाली नव्हती.

म्हणून दिवाळीनंतर आपल्याकडे स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना चार साध्या सूचना. यात कॅमेरा लागत नाही, खर्चही फारसा नाही.

१) दोन्ही लाइन्समन बाहेरच्या संघातले घ्या. खेळणाऱ्या संघाचा मित्र-भाऊ नको.

२) वादाचा गोल झाला तर रेफरीने किकऑफच्या आधी दोन्ही लाइन्समनना बाजूला बोलावून शांतपणे विचारावं. तोवर निर्णय बदलता येतो, नंतर नाही. हे मॅच सुरू होण्याआधी दोन्ही कॅप्टनना सांगून ठेवा.

३) रेफरीशी फक्त कॅप्टन बोलेल. बाकी कुणी अंगावर गेला तर कार्ड. लाइन्समन घाबरला नाही तरच खरं सांगेल, हे मी अनुभवाने सांगतो.

४) रेफरीचं मानधन बक्षिसाच्या रकमेआधी बाजूला काढा. ट्रॉफीला हजारो आणि रेफरीला नुसता चहा-वडापाव, असं असेल तर शिकलेला रेफरी आणायचा कुठून?

११ जूनला वर्ल्डकप सुरू होईल. वाद तर होणारच, टपरीवर आरडाओरडाही होणार. आपणही करू. फक्त पहाटेची मॅच संपवून रविवारी स्वतः मैदानात उतराल, तेव्हा हातात रुमालाची काठी धरलेल्या त्या पोराच्या अंगावर धावून जाऊ नका. त्याला आधी विचारा, त्याने काय बघितलं.